पनवेलच्या गच्चीवरचे पाच वार

अठ्ठावीस इंची काठी मावेल अशी पिशवी या देशात कोणी शिवत नाही, ही बाब मी अत्यंत गांभीर्याने समाजाच्या निदर्शनास आणून देतो. चोवीस इंची मिळते, छत्तीस इंची मिळते. चोविसात काठी चार इंच बाहेर डोकावते, छत्तिसात ती आडवी पडते आणि पिशवी मेलेल्या अजगरासारखी लोंबते. चिपळूणच्या बाजारात या अन्यायाविरुद्ध मी चार दुकानं पालथी घातली. शेवटी चोवीस इंची घेतली आणि त्या चार इंचांपायी पनवेलपर्यंत अख्ख्या गाडीला जबानी दिली.

"पडद्याचे रॉड का हो?" शेजारच्या आजोबांनी माणगावच्या अलीकडे विचारलं.

"स्टंप असतील," मागून कोणीतरी म्हणालं.

"चार?"

"एक स्पेअर."

कंडक्टर तिकिटाचं मशीन खिशात घालत म्हणाला, "काका, बँडमध्ये आहात काय?"

"फिलिपिन्सची काठीची लढाई शिकायला चाललोय," मी खरं ते सांगितलं. माझं वय चौपन्न, पोट पुढे, चष्मा जाड. आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि खिडकीकडची जागा मला देऊन टाकली. आजारी माणसाला देतात तशी.

पनवेलला कोणी फिरायला जात नाही, पनवेलवरून जातात. मलाही जायचं नव्हतं. आठवड्यापूर्वी वहिनीचा फोन आला. आमचा दादा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, नवीन पनवेलला राहतो. आयुष्यभर ड्राफ्ट्समन. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा आणि वर आमच्याकडे बघायचा, की आहे का कोणाची हिंमत. आठ महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, नको इतकी सावरली. उजवा हात राहिला.

"भाऊजी, त्यांनी आता पण केलाय," वहिनी म्हणाली. "इथले घरत मास्तर गच्चीवर काठी शिकवतात, तीन दिवसांचा वर्ग आहे. शेवटच्या दिवशी पाच वार असतात. हे म्हणतात, पाच अडवले तर पुढे व्यायाम करीन. नाहीतर बंद. चेंडू दाबणं बंद, फिजिओ बंद, सगळं बंद. आणि मास्तर म्हणतात, जोडीला घरचा माणूस आणा. बाहेरची माणसं यांच्यावर काठी उगारायला घाबरतात."

"तू उभी राहा ना."

"माझ्यावर ते ओरडतात. तुमच्यावरही ओरडतील, पण तुम्हाला सवय आहे."

म्हणून खुर्च्या विणणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून वेताच्या चार काठ्या कापून घेतल्या आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाची गाडी धरली. जाणाऱ्यांसाठी सूचना: वडखळच्या आधी खाऊन घ्या, पाण्याची बाटली भरून ठेवा, आणि रस्त्याच्या कामाबद्दल मत व्यक्त करू नका. गाडीतल्या प्रत्येकाकडे स्वतःचं आहे आणि ते तुमच्यापेक्षा मोठं आहे. पनवेल स्टँडवरून नवीन पनवेलला रिक्षावाला पहिल्यांदा जो आकडा सांगतो तो तुमची पिशवी बघून सांगतो. मला काठ्यांमुळे कमी सांगितला.

दारात दादा उभा होता. उजवा हात खिशात. खिशात तो स्वतः गेला नव्हता, डाव्याने नेऊन ठेवला होता.

"किती जाडा झालास, नंद्या," तो म्हणाला. "तुला मारायला नेम धरावा लागणार नाही."

घरत मास्तरांची गच्ची पायी दहा मिनिटांवर. सेक्टरांच्या चौकोनी इमारतींमध्ये जुनं गावठाण अडकून राहिलंय, त्यात त्यांचा तीनमजली बंगला. खाली मांडववाल्याचं गोदाम, वर मोकळी गच्ची, उलव्याच्या दिशेने धुळीचा पिवळा पडदा आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान. मास्तरांचं कुटुंब मिठागरवाल्यांचं. मीठ संपलं, जमीन गेली, बंगला आला. ते स्वतः अठरा वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होते आणि तिथल्या फिलिपिनो मुकादमाकडून ही विद्या शिकले. फी जोडीला हजार रुपये, तीन दिवसांची, चहासकट. चहा हजारांच्या मानाने उत्तम.

आम्ही सगळे मिळून आठजण. मास्तर समोर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, "आमी मारामारी नाय शिकवत. पाच वार शिकवतो. डावं कानशील, उजवं कानशील, डावी बरगडी, उजवी बरगडी, मंग पोटात टोक. एक मारनार, दुसरा काठीनं अडवनार. मोजायचं तिकडच्या भाषेत. इसा, दालावा, तात्लो, आपात, लिमा. मराठीत मोजलं का मानूस पैसं मोजल्यासारखा थांबतो."

मग मूळ तत्त्व. समोरच्याच्या डोक्यावर जायचं नाही, काठी धरलेल्या हातावर जायचं. हात निकामी झाला की माणूस संपला. "सापाचं दात पाडा," मास्तर म्हणाले, "साप आपोआप गप होतो."

"माझे आधीच पाडलेत," दादा म्हणाला. कोणी हसलं नाही. दादाही नाही.

पहिल्या संध्याकाळी आमच्याकडून जी चूक झाली ती जगात फक्त आपल्याकडेच होत असावी. माझी काठी दादाच्या बोटांना लागली आणि मी नकळत वाकून त्याच्या हाताला हात लावला आणि छातीशी नेला. पाय लागल्यावर करतो तसं. त्या क्षणी मास्तरांनी माझ्या उघड्या मनगटावर काठी टेकवली.

"गेला हात."

पुन्हा मारलं, पुन्हा लागलं, पुन्हा नमस्कार. पुन्हा मनगट. शेजारी एक निवृत्त बँकवाले होते, त्यांचा पाय जमिनीवर ठेवलेल्या काठीला लागला म्हणून ते काठीलाच नमस्कार करत होते, आणि त्यांची जोडीदार मुलगी सोसायटीतल्या काकांना कोपरावर हाणल्याबद्दल दर वाराला "सॉरी काका" म्हणत होती. अख्खी गच्ची एकमेकांना मारून एकमेकांच्या पाया पडत होती.

"आमचा मुकादम पन हेच विचारायचा," मास्तर कपाळावर हात मारत म्हणाले. "तुमी इंडियावाले मारता कवा आन पूजा करता कवा?"

"लहानपणापासून मला मारायचं म्हणत होतास ना?" दादा म्हणाला. "आता परवानगी आहे तर आरती कसली करतोस?"

शुक्रवारी एवढंच हसलो. पुढचं हसण्यासारखं नाही. फक्त गंमत वाचायला आला असाल तर इथेच थांबा.

शनिवारी सकाळी सात ते दहा. मास्तरांचा एक नियम आहे: ज्याची काठी पडेल त्यानेच उचलायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो भाऊ असो की बाप. दादाच्या बोटांची मूठ वळते, पण टिकत नाही. पहिला वार तो अडवायचा, कधी दुसराही. तिसऱ्याला हात वर यायचा तो उशिरा, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा, आणि वेत गच्चीवर खडखडत टाकीपर्यंत जायचा. दादा चालत जायचा, एक हात गुडघ्यावर ठेवून वाकायचा, डाव्याने काठी उचलायचा, डाव्याने उजव्याची बोटं एकेक करून तिच्याभोवती गुंडाळायचा, परत यायचा.

"चल."

मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं. तरी मोजलं. सतरा वेळा.

अठराव्या वेळी मी वाकलो. मास्तर ओरडले, "ए, ठेव! तुजी हाय का?" मी ठेवली. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की सतरा वेळा वाकण्याचे कष्ट त्याला माझ्या एका वाकण्यापुढे काहीच वाटले नसावेत.

त्या दुपारी वहिनीने जिताडा केला होता. पनवेलला जिताडा खाल्ल्याशिवाय परतू नका. बाजारात महाग पडतो, पण पैसे वसूल. दादाच्या ताटात त्याचा तुकडा काटे काढून आला, चमच्यासोबत. तो डाव्या हाताने जेवतो आणि जेवताना खिडकीकडे बघतो. मी कालवणाची स्तुती केली. वहिनीने तांदळाच्या भाकरीची गोष्ट सांगितली. आम्ही दोघं इतकं बोललो की दादा शेवटी म्हणाला, "रेडिओ बंद करा जरा."

नंतर वहिनी ओट्यापाशी हळूच म्हणाली, "भाऊजी, उद्या पाच होतील ना हो?"

तिचा प्रश्न माझ्याकडे बघून नव्हता, नळाकडे बघून होता. मी म्हटलं, "होतील."

खरं सांगतो, मला तेव्हाच माहीत होतं की होणार नाहीत. उद्याही नाहीत, दिवाळीलाही नाहीत. डॉक्टरांनी आठ महिन्यांत जे गोड शब्दांत सांगितलं होतं ते मास्तरांच्या गच्चीवर तीन तासांत समजलं. काही गोष्टी सरावाने येत नाहीत. हे वाक्य सुविचारांच्या फलकावर कोणी लिहीत नाही, कारण मग खडू विकत कोण घेणार.

रविवारी सगळ्यांची परीक्षा. बँकवाले आणि ती मुलगी उत्तीर्ण, सॉरीसकट. मग आम्ही. वहिनी पाण्याच्या टाकीपाशी पर्स छातीशी धरून उभी होती.

इसा. डावं कानशील. दादाने अडवला. स्वच्छ आवाज.

दालावा. अडवला. त्याची मूठ पांढरी पडली होती.

मला दिसलं की बोटं सुटताहेत. तिसऱ्या वाराला माझी काठी बरगडीकडे जायला हवी होती. मी ती बरगडीवर नेली नाही, त्याच्या काठीवर नेली. तो जिथे कसाबसा धरून उभा होता तिथेच नेऊन हलकेच वाजवली. तात्लो. आपातलाही तसंच. लिमाला टोक पोटाकडे न खुपसता त्याच्या काठीला टेकवलं, दाराची कडी हळू लावतात तसं.

टाळ्या वाजल्या. वहिनी रडली. दादा घामाने निथळत माझ्याकडे बघत होता आणि तीन दिवसांत प्रथमच त्याची नजर माझ्या जाडीवर नव्हती. "पाच," तो म्हणाला.

"पाच," मी म्हणालो.

मास्तर जवळ आले. त्यांनी माझी काठी हातात घेतली, वजन बघितल्यासारखी केली आणि परत दिली. "आवाज चांगला आला," एवढंच बोलले.

खाली उतरता उतरता मी घरच्या ग्रुपवर टाकलं: दादाने पाचपैकी पाच वार अडवले! स्टँडवर पोचेपर्यंत उत्तरं आली: हात जोडलेले, फुलं, दंड फुगवलेले, एका मामेभावाचं 'वाघ आहे वाघ'. परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. काठ्या दादाकडेच ठेवल्या होत्या, त्यामुळे माझी चौकशी करण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

चिपळूणला येऊन तीन दिवस मी हा मजकूर लिहायला बसत होतो आणि प्रवासखर्चाच्या पुढे सरकत नव्हतो.

बुधवारी संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज खाली होता. दादाचा आवाज खाली मी बाबा गेले तेव्हा ऐकला होता.

"नंद्या, कोणाला बोलू नकोस. हिलाही नाही. माझा हात परत चाललाय."

"म्हणजे?"

"रविवारी पाच अडवले ना? सोमवारपासून हिला समोर उभी करतोय. ती बिचारी जिथे सांगितलंय तिथे मारते. एक होतो, फार तर दोन. तिसरा होतच नाही. तीन दिवसांत तीन वार गेले. मला वाटतं पुन्हा झटका येऊन गेला असेल झोपेत. बारीकसा. डॉक्टरकडे जायचं म्हणतोय, पण हिला काय सांगू?"

आठ महिने त्या माणसाने खूप काही गमावलं होतं, पण जे कधी मिळालंच नव्हतं ते गमावल्याची भीती मी त्याला दिली होती. फुकट, भावाच्या मायेने.

"दादा, झटका नाही आलेला."

"तुला काय कळतं?"

"रविवारी पाच नव्हते. दोन होते. पुढचे तीन मी तुझ्या काठीवर मारले."

फोनवर त्यांच्याकडच्या विमानाचा आवाज आला आणि गेला.

"दोन?"

"दोन. पहिले दोन खरे. मी जोर लावला होता."

"म्हणजे काही गेलं नाही."

"नाही."

"आणि काही आलंही नव्हतं."

"नव्हतं."

"मास्तरला कळलं होतं?"

"बहुतेक."

"हिला?"

"नाही."

"नालायक आहेस," दादा म्हणाला. रागाने नाही, रेघ वाकडी आली की म्हणायचा तसं. मग म्हणाला, "आता चेंडू टाकून देतो कचऱ्यात. ठरलं होतं तसं." मी थांब म्हणालो नाही. थांब म्हणण्याचा माझा अधिकार मी रविवारीच खर्च केला होता.

"ग्रुपवर तूच टाकलं होतंस ना ते?"

"हो. काढून टाकतो."

"काढू नकोस. काढलं की लोक विचारतात. दुरुस्त कर."

त्याने फोन ठेवला. पनवेलला जाऊन काय मिळालं असं मला इथले लोक विचारतात. उजव्या मनगटावर एक निळा डाग मिळाला, तो आता पिवळा पडतोय. दादाने चेंडू खरंच टाकला का, मला माहीत नाही. वहिनीला विचारायचं धाडस झालेलं नाही.

ग्रुप उघडला. मामेभावाच्या वाघाखाली आणखी दोन वाघ आले होते. त्यांच्याखाली मी लिहिलं: 'दुरुस्ती. रविवारी दादाने दोन वार अडवले. उरलेले तीन मी मारलेच नव्हते. चूक माझी.'

पाठवलं आणि फोन ओट्यावर पालथा ठेवला.