स्वतंत्र खोली

आमच्या चंदनसारच्या सोसायटीत कुणाला इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याकडे येतं. बँकेचं असो, वीज कंपनीचं असो, मी चष्मा लावतो, दोन मिनिटं गंभीर चेहरा करतो आणि अर्थ सांगतो. समजलं नाही तरी सांगतो. ‘मला हे कळत नाही’ हे चार शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. बायको म्हणते, निघाले तर मी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटीन.

सासऱ्यांची आरोग्य विम्याची पॉलिसी अर्थातच मी काढली. सासुरवाडी जवळच्याच चांदीप गावची. थोडी भातशेती, भाताच्या मागून वाल, दारात दोन म्हशी. मी साताऱ्याकडून आलेला, अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब तपासणारा, त्यामुळे त्या घरात माझा शब्द म्हणजे छापील शब्द. त्यातून मी जावई. जावई बोलला की तिथे विषय संपतो, तो चुकीचं बोलला तरी संपतो.

हप्ता कमी पडावा म्हणून मी पॉलिसीत डिडक्टिबल घेतलं होतं. ते काय असतं हे समजावायला एका रविवारी खास चांदीपला गेलो. ओटीवर बसून सांगितलं, दवाखान्याचं बिल झालं की पहिले पंचवीस हजार आपण भरायचे, त्याच्या वर कंपनी भरते. आणि जरा थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “ते पंचवीसही मी भरीन. तुमच्या खिशातून एक रुपया जाणार नाही.”

सासरे तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, “म्हंजे खाचरावानीच. पयलं पानी भुईच पिते. मंग वर उभं रव्हते.”

मला ते इतकं आवडलं की पुढे आठवडाभर ऑफिसात मी ते माझंच म्हणून सांगत होतो. पॉलिसीचं पुस्तक अडतीस पानांचं होतं. त्यातली पहिली चार मी वाचली होती.

पॉलिसीला चौथं वर्ष लागलं आणि सासऱ्यांचा जुना हर्निया अडकला. पोट दगडासारखं झालं, उलट्या सुरू झाल्या, आणि आम्ही त्यांना विरार पूर्वेच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. विम्याच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीने कागद कंपनीला पाठवले, कंपनीचा होकार आला, आणि सासऱ्यांना चार खाटांच्या वॉर्डात आणलं. सासूबाई म्हशींमुळे घरीच होत्या. मी त्यांना फोनवर सांगितलं, सगळं कॅशलेस आहे, काळजी करू नका. हा शब्द उच्चारताना माझी छाती दोन इंच फुगली असणार.

शेजारच्या खाटेवर नायगावकडचा एक म्हातारा होता, जन्म मिठागरात गेलेला. पाय कापायची वेळ आली होती, ती कशीबशी टळली होती. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर दोघं जुने मित्र असल्यासारखे बोलत होते. एकाला खारं पाणी आत घ्यायचं असतं, दुसऱ्याला तेच बाहेर ठेवायचं असतं, त्यावरून त्यांचं काहीतरी रंगलं होतं. सासऱ्यांच्या नाकात नळी होती आणि तरी ते हसत होते.

नेमका तेव्हाच माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. तो आणि वहिनी सासऱ्यांना बघायला साताऱ्याहून निघाले होते. माझ्या लग्नात हा भाऊ चारचौघांत म्हणाला होता, शेवटी खाचरात सासुरवाडी केलीस. ते वाक्य अकरा वर्षं मी जपून ठेवलं होतं. आता तो येणार आणि बघणार काय, तर पडदे ओढलेल्या चार खाटा, मधल्या टेबलावर चौघांची मिळून शहाळी, आणि मिठागरातल्या म्हाताऱ्याचं पट्टी बांधलेलं पाऊल. मला ते सहन होईना.

मी सासऱ्यांना म्हटलं, तुम्हाला स्वतंत्र खोलीत हलवू. त्यांनी मान हलवली. “नको. मना हितंच बरं. बोलायला मानूस हाय.”

मी म्हटलं, पैसे कंपनी देते, आपल्याला काय. त्यांनी परत एकदा नको म्हटलं, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. मिठागरातला म्हातारा मात्र गप्प बसला नाही. म्हणाला, राहू द्या की, त्यांचं मन लागलंय. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. ती नजर मला आजही आठवते, कारण ती माझी होती.

काउंटरवरच्या मुलीने एक कागद पुढे केला. म्हणाली, “सर, खोलीची मर्यादा दिलीय यात. एकदा वाचून घ्या.” माझ्या कानाला फोन होता. भाऊ स्टेशनला उतरला होता आणि मी त्याला रिक्षा कुठून मिळेल ते सांगत होतो. बोलता बोलता मी सही केली.

भाऊ आणि वहिनी वीस मिनिटं थांबले. भाऊ सोफ्यावर बसला, खिडकीबाहेर पाहिलं, एसी जरा कमी करायला सांगितलं आणि माझ्या पुतण्याच्या कॉलेजबद्दल बोलून निघून गेला. खोलीबद्दल अवाक्षर नाही. मी पार्किंगपर्यंत सोडायला गेलो, तेव्हाही नाही.

सासरे त्या खोलीत पाच दिवस होते. बहुतेक वेळ भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. चालता यायला लागलं तसे सलाइनचा स्टँड ढकलत वॉर्डात जाऊन बसायला लागले. मी दोनदा त्यांना तिथून परत आणलं. बरं दिसत नाही, म्हणालो.

सुट्टी मिळायच्या दिवशी काउंटरवरून बोलावणं आलं. डिडक्टिबलचे पंचवीस हजार मी तयारच ठेवले होते. मुलीने सांगितलं, शिवाय आणखी शहाऐंशी हजार भरायचे आहेत.

मी चढ्या आवाजात बोलायला लागलो. तीन लाखांची पॉलिसी आहे, बिल त्याच्या आत आहे, ही लूट आहे, तुमच्या मॅनेजरला बोलवा. बाकड्यांवरची माणसं बघायला लागली. मला ते आवडतही होतं, खोटं कशाला सांगू. ती मुलगी पंचविशीची असेल. तिने माझा आवाज खाली यायची वाट पाहिली आणि मग समजावलं.

पॉलिसीत खोलीला दिवसाला तीन हजारांची मर्यादा होती. वॉर्डातली खाट त्यात बसत होती. स्वतंत्र खोली सहा हजारांची. मी म्हटलं, मग वरचे तीन हजार कापा ना रोजचे, पाच दिवसांचे पंधरा होतात, ते देतो. ती म्हणाली, तसं नसतं सर. दवाखान्यात खोली बदलली की सगळेच दर बदलतात. डॉक्टर तेच, ऑपरेशन तेच, पण त्यांची फी खोलीप्रमाणे लागते. आणि तुम्ही मर्यादेच्या दुप्पट खोली घेतली की कंपनी डॉक्टर, ऑपरेशन, नर्सिंग या सगळ्यांचे अर्धेच पैसे देते. औषधांचे तेवढे पूर्ण मिळाले आहेत. मग तिने माझ्या सहीचा कागद माझ्याकडे फिरवून ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. तिने हेच सगळं तिथे लिहिलेलं होतं, साध्या मराठीत.

ऑफिसात मी लोकांची बिलं तपासतो. दुसऱ्यांनी न वाचता केलेल्या सह्या पकडणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. मी त्या मुलीची माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, बघतो.

बघायला काही नव्हतं. फ्लॅटचा हप्ता नुकताच गेला होता. मागे वळलो तर सासरे बाकड्यावर बसलेले, घरचे कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फक्त माझ्या बायकोला म्हणाले, पतपेढीचं पुस्तक घेऊन ये घरून. त्या पुस्तकातले पैसे सासूबाईंच्या डोळ्यांसाठी होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वसईच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली होती. सासूबाईंची पॉलिसी मी त्याच वर्षी काढली होती आणि तिच्यात मोतीबिंदूला दोन वर्षं थांबायची अट होती, ती पानंही मी नंतर वाचली.

घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, एक रुपया जाणार नव्हता ना? मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. सासरे म्हणाले, “मीच मागितली वायली खोली. वॉर्डात झोप नव्हती.”

मी तांब्या खाली ठेवला नाही. पाणी कधीच संपलं होतं.

पैसे परत देईन, असं मी सासऱ्यांना एकट्यात म्हटलं. त्यांनी हात हलवला. मग दर महिन्याला काही ना काही निघत गेलं आणि तो हलवलेला हात माझ्या सोयीचा झाला. डोळ्यांची तारीख गेली, दुसरी घेतली नाही. त्यानंतर आम्ही चांदीपला गेलो की जेवताना सासूबाई त्या खोलीचा विषय काढायच्याच. राजावानी खोली पायजे व्हती यांना. एसी पायजे व्हता. सासरे खाली मान घालून जेवत राहायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसून दुसरी भाकरी घ्यायचो.

वर्षभराने, नवा तांदूळ आला तेव्हा गेलो होतो. सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या, पण बघत नव्हत्या, बोटांनी चाचपत होत्या. जेवायला बसलो आणि दुसऱ्याच घासाला दाताखाली खडा आला. मी तो हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा आला. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे एसीचा विषय काढला. सासरे जेवण आटपून हात धुवायला परसात गेले. बायको आत कालवण गरम करत होती.

मी म्हणालो, “ती खोली त्यांनी मागितली नव्हती. मी घेतली. ते नको म्हणत होते.”

सासूबाई भाताच्या भांड्यात पळी फिरवत राहिल्या. “म्हाईत हाय,” म्हणाल्या. “ते मिठागरवाले आलते ना मीठ घेऊन, त्यांनी सांगलं. वरीस झालं त्याला.”

मी विचारलं, माहीत होतं तर वर्षभर तुम्ही त्यांना का बोलत होता.

“मंग कोनाला बोलू? तुमी जावय. तुमाला कसं बोलायचं?”

असं म्हणून त्यांनी पळी भरली, अंदाजाने माझं ताट शोधलं आणि कडेला ठेवलेल्या खड्यांवरच मला आणखी भात वाढला.