बाबांचे ठोके

बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा आम्हाला सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सोसायटीला अजून कंपाउंड नव्हतं, बाल्कनीतून रिकामे प्लॉट आणि पलीकडे खाडीचा हिरवा पट्टा दिसायचा. अटॅक सौम्य होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "एक बीपीचं मशीन घेऊन ठेवा. रोज सकाळी प्रेशर आणि नाडी बघायची."

शनिवारी आम्ही तिघं वाशीला सर्जिकल सामानाच्या दुकानात गेलो. बाबांनी घरीच थांबावं असं आईला वाटत होतं. "छाती माझी, मशीन मीच बघणार," म्हणत ते आधी रिक्षात जाऊन बसले.

दुकानदारानं दोन मशीन काढून ठेवली. एक पाऱ्याचं, राखाडी पेटीतलं. झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहायची. त्याच्यासोबत स्टेथोस्कोप घ्यावा लागणार होता. दुसरं इलेक्ट्रॉनिक, परदेशी बनावटीचं.

"याला दुसरा माणूस लागत नाही, काका. पट्टा बांधा, फुगा दाबा, आकडे आपोआप येतात. नाडीपण दाखवतं."

बाबांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. आकडे उमटणाऱ्या वस्तूंचं त्यांना भारी वेड. ते मशीन त्यांनी खाली ठेवलंच नाही.

"आणि हे चुकलं तर कळणार कसं?" आईनं विचारलं.

दुकानदार हसला. मीही हसले. आईनं पदर सावरला.

सकाळी एकदा बघायचं ठरलं होतं. आठवड्याभरात ते चहाआधी, चहानंतर, बातम्यांनंतर असं सुरू झालं. दर वेळी आकडा वेगळा. "अगं, मघाशी एकशे चाळीस होतं, आता दीडशे झालं!" घाबरून पुन्हा पट्टा बांधायचा, की आणखी वर. पुढे पुढे ते जिना उतरेनात. मोठ्यानं बोलणारा माणूस, पण जपून, हळू आवाजात बोलायला लागला. मला ऑफिसमध्येही त्याच आवाजाची आठवण यायची.

शेवटी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, सगळं व्यवस्थित होतं. "मशीन बरोबर आहे, काका. तुम्ही घाबरून बघता म्हणून वाढतं. आता दुसऱ्या कुणीतरी बघायचं, एकदाच. आणि तुम्हाला आकडा सांगायचा नाही."

परतताना आईनं रिक्षा त्याच दुकानापाशी थांबवली. "ते पाऱ्याचं द्या," ती म्हणाली.

"आई, तुला जमेल?"

"शिकेन की. त्यात काय एवढं!"

तळमजल्यावर जवळच्याच शिरवणे गावच्या एक रिटायर्ड नर्स राहायच्या. आख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. आई चार दुपारी त्यांच्याकडे गेली. संध्याकाळी सराव माझ्या दंडावर. "वैनी, घाई नको," सिस्टर सांगायच्या. "पैला ठोका आयकू आला की पारा कुटं हाय ते बगायचं. ठोका थांबला की परत बगायचं. बास."

पहिल्या दिवशी बाबांनी विचारलं, "किती?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे किती?"

"ते मी डॉक्टरांना सांगेन."

बाबा दोन दिवस फुगून बसले. मग हळूहळू विचारायचे बंद झाले.

एका सकाळी मी डबा भरत होते. आईनं बाबांच्या दंडाचा पट्टा सोडला, पण कानातला स्टेथोस्कोप काढला नाही. पुढची चकती तिनं त्यांच्या बनियनवर, डाव्या बाजूला ठेवली आणि मान वाकवून ऐकत राहिली. लग्नाला तीस वर्षं झालेली. त्या दोघांना मी एकमेकांच्या इतकं जवळ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "हे सारखं असंच चालू असतं?"

"मग! थांबलं तर कसं चालेल?" बाबा आधी ओशाळले, मग हसले. बऱ्याच दिवसांनी ते मोठ्यानं हसले होते.

मी डब्याचं झाकण न लावताच स्वयंपाकघरात उभी राहिले.

दिवाळीपर्यंत बाबा एकटे स्टेशनपर्यंत चालत जाऊन यायला लागले. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मांडवात बँडवाल्यांनी ठेका धरला तसे ते नाचायला उठले. काका, मामा सगळे त्यांना धरायला धावले. आई बाजूला उभी राहून हसत होती. तिनं काही त्यांना अडवलं नाही.