जाळीची पिशवी

कूलरच्या खसाच्या ताट्यांचा ओला वास आला की मला ती मे महिन्यातली दुपार आठवते. मला पाहायला पाहुणे आले होते आणि आईनं मी विणलेली जाळीची पिशवी कौतुकानं मुलाच्या आईच्या हातात दिली. हिला बी.एड.ला पाठवायचं नाही, असं घरात ठरल्यावर गांधीबागेच्या बाजारातून दोरा आणून ती पिशवी मी क्रोशाच्या सुईनं नुसत्या रागानं विणली होती. त्या बाईंनी आत दोन्ही मुठी घालून ती ताणली, सोडली, परत ताणली. "पाहा ना बाई, कितीही भरा, फाटत नाही! अशीच पोरगी पाहिजे आमच्या घराले." सगळे हसले. "मले अजून शिकायचं आहे," हे वाक्य मी सकाळपासून घोकत होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं माझा गुडघा दाबला. "लाजून राहिली ती," आई म्हणाली, आणि बाईंनी बशीतला पेढा माझ्या उघड्या तोंडात घातला. पिशवी माझ्यासोबतच सासरी, बेसातल्या फ्लॅटमध्ये आली. आज सकाळी मी तिच्यात मुद्दाम पाच किलो कांदे कोंबले. एक टाकाही उसवला नाही मेलीचा.