सायकल म्हणजे टाकीची

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. शनिवारची दुपार होती, हात पिठाचे होते, म्हणून करंगळीने स्पीकर लावला. "ताई, सायकल क्रॅश झाली," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट, दमल्यासारखा. प्रज्ञा म्हणजे माझ्या मावसभावाची, सुगतची बायको. ते राहायचे नेदरलँड्समध्येच, कापेल आन डेन आयसेलला, मी इकडे लायडस्खेनडामला. गेले कित्येक आठवडे त्या घरात एकच विषय चालू होता, सुगतने दिवाणखान्यात मांडलेली खाऱ्या पाण्याची टाकी आणि त्या टाकीची 'सायकल'. मी भाकरी उलटली आणि म्हणाले, "झाली तर झाली. पाणी ओतून टाका आणि पुन्हा पहिल्यापासून लावा. एवढं काय त्यात." तेवढ्यात तिच्या मागून एका बाईचा डच आवाज ऐकू आला, हळू, समजावणीच्या सुरातला, पोलीस बोलतात तसा... आणि मला कळलं की ही दुसरी सायकल. भाकरी तव्यावर जळून काळी झाली. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

नियम सुगतचाच होता. टाकी आली त्या आठवड्यात घरात भलताच गोंधळ व्हायला लागला. 'सायकल कशी आहे' म्हणून मी विचारलं की प्रज्ञा सांगायची, पंक्चर आहे. तेव्हा त्याने फर्मान काढलं, "या घरात सायकल म्हणजे टाकीची. दोन चाकांची ती फीट्स." त्याची मुलगी मैत्री इथेच जन्मलेली, ती आधीपासून फीट्सच म्हणायची. आम्हीही म्हणायला लागलो. त्या दुपारी प्रज्ञा नुसतं 'फीट्स' म्हणाली असती तर मी ते वाक्य बोलले नसते. पण आभाळ कोसळतं तेव्हा माणूस डच बोलत नाही. तिच्या तोंडून लहानपणचा शब्द निघाला, आणि मी माझ्या सख्ख्यासारख्या भावाच्या मरणाला 'एवढं काय त्यात' म्हणून बसले.

तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. आजोळी गावाबाहेर एक विहीर होती. एका उन्हाळ्यात तो तिच्यात उतरला, मी त्याचे कपडे धरून पायऱ्यांवर उभी. पोहायला कुणी शिकवलं नव्हतं, पण तो पोहत होता आणि हसत होता. मग काठावर गावातली चार माणसं आली. विहीर बाटवली म्हणाली, आणि वरून दगड मारायला लागली. एवढ्याशा पोराला, पाण्यात. एक दगड भुवईवर बसला. लाल रंग पाण्यात आधी धाग्यासारखा उतरला आणि मग पसरत गेला... एकाने त्याला दंडाला धरून वर ओढलं, तर या कार्ट्याने त्याच्या मनगटाला चावा घेतला आणि पोटात लाथा बसल्या तरी सोडलं नाही. त्या माणसाचं रक्त त्याच्या हनुवटीवरून गळत होतं. तक्रार वगैरे कुणी केली नाही. घरी त्याच्या भुवईत हळद भरली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून सुगतचा हात तोंडाआधी चालायला लागला. शाळेत एकाचा दात, वसतिगृहात एकाचं नाक. पुढे इंजिनिअर झाला, रॉटरडॅमला चांगली नोकरी लागली, दर रविवारी घरी वंदना घ्यायला लागला, पण मूठ काही उघडली नाही. मीटिंगमध्ये कुणी काही बोललं की ती टेबलाखाली वळायची, हे तो स्वतःच मला हसत सांगायचा.

मागच्या वर्षी मैत्री तेरा वर्षांची झाली. एका रविवारी ती वंदनेला बसायला तयार नव्हती. त्याने विहिरीची गोष्ट काढली, बहुधा शंभराव्यांदा. ती इंग्रजीत म्हणाली, "दॅट्स युअर फाइट, पप्पा. आय ॲम फ्रॉम कापेल." सुगतची मूठ तिच्या कानाशेजारून भिंतीत गेली. इकडच्या घरांच्या आतल्या भिंती पुठ्ठ्याच्या लायकीच्या, मनगटापर्यंत हात आत. मैत्री रडली नाही की ओरडली नाही. तिने फक्त त्या दिवसापासून तो खोलीत आला की खोली सोडायला सुरुवात केली. त्याने मला फोन केला. आधी भिंतीचं सांगितलं. मग म्हणाला, "ताई, तिने डोळे मिटून घेतले. मी विहिरीत मिटले होते ना, तसे." मला त्याची दया आली नाही. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले, आणि ते मला आजही बरोबर वाटतं.

हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, त्याला राग आवरायच्या वर्गाला पाठवलं. तो मुकाट गेला. आणि एक टाकी घेऊन आला. भिंतीतल्या भोकापुढे बरोबर मावेल अशी, खाली कपाट असलेली, कुणाची तरी जुनी. मैत्री चार वर्षांची होती तेव्हा तिने पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी मासा मागितला होता. त्याने तेव्हा हो म्हटलं होतं आणि मग विसरला होता. "आता मागणार नाही ती," तो म्हणाला, "पण आणला तर बघेल तरी." मला वाटलं टाकी भरायची, मासा सोडायचा, झालं. तर नाही. शुद्ध केलेलं पाणी कॅनमधून वाहून आणायचं, त्यात मीठ कालवायचं, खारटपणा मोजायचा, तळाशी वाळू, वर समुद्रातून आलेले सच्छिद्र दगड. आणि मग चक्क एक कोळंबी सडवायची. प्रज्ञाने सुपरमार्केटमधून तळायला आणलेल्यातली त्याने एक उचलली आणि पाण्यात टाकली. ती कुजली की पाण्यात विष तयार होतं, ते विष खाणारे जिवाणू दगडांत वाढतात, ते त्याचं दुसरं विष करतात, ते खाणारे आणखी वेगळे जिवाणू. दोन्ही विषं शून्यावर आली की सायकल पूर्ण. त्याआधी मासा सोडला तर त्याचे कल्ले जळतात आणि तो तडफडून मरतो. घरभर घाण वास सुटला. प्रज्ञा खिडक्या उघडून स्वेटर घालून बसायची. "मढं टाकल्याशिवाय सुरूच होत नाही गं ही भानगड," सुगत मला म्हणाला. त्याला त्यात भलतंच समाधान वाटत होतं.

थोड्या दिवसांनी टाकीतून आवाज यायला लागला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्. दगडांबरोबर चिमुकल्या गोगलगायी आणि खेकडे आले होते, त्यांचे शंख रोज सकाळी फुटलेले दिसायचे, खेकड्यांच्या नांग्या वाळूवर पडलेल्या. एका दगडाच्या बिळात एक परदेशी जातीची कोळंबी लपून आली होती, बोटाएवढी, हिरवट, डोळे दांड्यांवर गरगर फिरणारे. ती मुठी मारते. पुढच्या दोन पायांच्या गाठी एवढ्या जोरात हाणते की शंख फुटतो. सुगतने तिचं नाव पहिलवान ठेवलं. ज्यांना विचारलं त्यांनी एकच उपाय सांगितला, दगड बाहेर काढा आणि बिळात उकळतं पाणी ओता.

मी त्या रविवारी तिथेच होते. त्याने दगड हातात घेतला आणि बिळात अंगठा घातला, शहाणाच तो. टक् झालं आणि सुगत गुरासारखा ओरडला. नख उभं फाटलं होतं. दगड टाकीत पडला, हात टाकीत, आणि रक्त पाण्यात आधी धाग्यासारखं उतरलं आणि मग पसरलं. हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होते. त्याचा चेहरा मला ओळखीचा होता, चाव्याच्या वेळचा. त्याने दगड पुन्हा वर काढला, सिंकमध्ये आपटला, पहिलवान बाहेर पडून स्टीलवर उड्या मारायला लागला. सुगतने खणातून हातोडी घेतली. हात वर गेला. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "नीत डून, पप्पा." नको करूस, पप्पा. कित्येक महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. हातोडी तशीच वर राहिली. अंगठ्यातून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. जीव घेणार नाही हे पहिलं शील तो दर रविवारी म्हणायचा, पण त्या दिवशी त्याला ते किती जड गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. हळूहळू हात खाली आला. त्याने पहिलवानला चहाच्या गाळणीने उचललं आणि टाकीखालच्या कपाटात, जिथे पाणी गाळलं जातं तिथे, एका डब्यात वेगळं ठेवलं. "तू इथे राहा," तो त्याला म्हणाला, "आणि डब्याला मार किती मारायचं ते."

नंतर मैत्री रोज संध्याकाळी पाणी तपासायला यायला लागली. काचेच्या कुपीत पाणी, त्यात थेंब, हलवायचं, रंग बघायचा. हिरवा म्हणजे विष, पिवळा म्हणजे ठीक. ती डचमध्ये एकच शब्द टाकायची, "ख्रून." हिरवा. तो म्हणायचा, "बरं, थांबू." बापलेकीत एवढंच संभाषण, पण ती आता खोली सोडत नव्हती. मी फोनवर चिडवायचे, काय रे, लेकीने किती अक्षरं दिली आज. तो म्हणायचा, "दीड." मला वाटतं एवढा खूश तो लग्नातही नव्हता. त्या शनिवारी सकाळी ती म्हणाली, "खेल." पिवळा. दुसरं विषही शून्य. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "मासा?" मराठीत विचारलं. तो जॅकेट चढवत जिना उतरला आणि फीट्सवर बसून मासा आणायला गेला.

सिग्नल दोघांनाही हिरवा होता. ट्रक उजवीकडे वळला. पोलीसबाईने मला कागदावर चौकोन काढून समजावलं, चालकाला आरशात न दिसणारी जागा, तिला इथे 'डोडे हूक' म्हणतात, मेलेला कोपरा. मी तिला म्हणाले, तो कोपरा मेलेला नव्हता, त्यात माझा भाऊ होता. पुढच्या चाकाने पाडलं आणि मागची त्याच्यावरून गेली. चेहरा दाखवला नाही. चादरीखालून फक्त एक हात बाहेर काढला. मी अंगठा पाहिला, नख अजून उभं फाटलेलं, अर्धं भरून आलेलं. हाच, म्हणाले. मूठ उघडी होती.

चालक अंत्यसंस्काराला आला होता. पन्नाशीचा माणूस, हातात फुलं, नाक लाल. मला त्याला मारायचं होतं. रूपक म्हणून नाही, खरोखर, चपलेने, तोंडावर, दमेपर्यंत. प्रज्ञाने माझा दंड धरून ठेवला. तो काहीतरी पुटपुटला आणि फुलं ठेवून गेला. तो राग माझ्यात तसाच राहिला आणि पुण्यानुमोदनाच्या दुपारी निघाला. पाहुणे गेले होते, घर गप्प होतं. पाण्याचा आवाज सहन होईना म्हणून प्रज्ञाने आधीच केव्हातरी पंपाची वायर उपटली होती. टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं, दगडांना वास येत होता. आणि त्या शांततेत कपाटातून आवाज आला. टक्. सगळं मेलं आणि हा जिवंत. माझं डोकं फिरलं. मी किटली उकळली, कपाट उघडलं, डब्याचं झाकण काढलं. त्याने डोळे फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि मुठी वर घेतल्या. मी किटली तिरकी केली.

"नीत डून, आत्या." मैत्री मागे उभी होती. मग तिला वाटलं असावं की मला समजलं नाही. ती अडखळत मराठीत म्हणाली, "पप्पांनी नाही मारला." किटली माझ्या हातात जड झाली. मी ती जमिनीवर ठेवली आणि तिथेच बसून, इतके दिवस आलं नव्हतं ते रडू रडले.

गेल्या आठवड्यात प्रज्ञाने टाकी काढायला एकाला बोलावलं होतं. त्याने ती हातभर पुढे ओढली आणि मागे भिंतीतलं भोक दिसलं, कडा फाटलेल्या, आत अंधार. मैत्री टाकी आणि भिंतीच्या मध्ये शिरली. तिने आपली मूठ वळून त्या भोकात घालून पाहिली. चारी बाजूंनी जागा उरली. मग हात काढून घेतला आणि त्या माणसाला डचमध्ये सांगितलं की टाकी कुठे जाणार नाही. त्या माणसाने टाकी पुन्हा मागे सरकवली, भोक झाकलं गेलं.

काल संध्याकाळी मी ऑफिसातून परतत होते. फोनवर मैत्रीचा फोटो आला. स्वच्छ नवं पाणी, धुतलेले दगड, आणि वाळूवर एक सोललेली कोळंबी. शेजारी धरलेली हिरवी कुपी. खाली तिने रोमन अक्षरांत मराठी लिहिलं होतं, 'आत्या, सगळं पाणी ओतून टाकलं. पुन्हा पहिल्यापासून लावली. सायकल चालू आहे.' माझं ते वाक्य तिने कुणाकडून ऐकलं होतं की तिला आपोआप सुचलं, मी विचारलं नाही. या खेपेला मात्र मला सायकल कोणती ते बरोबर कळलं. मी लिहिलं, 'बरं, थांबू.'