चुलत्यांचा लास्ट वर्ड

सौदा करावा तर इंग्रजीतच, असं मनापासून मानणारं माणूस आख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच होतं, आणि ते म्हणजे वारूळवाडीचे माझे थोरले चुलते. "मराठीत माणूस लगेच भावकीवर येतो. इंग्रजीत शब्दच कमी, भांडाण वाढत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडचे शब्द म्हणजे "नॉट पॉसिबल" आणि "धिस इज माय लास्ट वर्ड". हा लास्ट वर्ड ते एकाच बैठकीत कितीही वेळा उच्चारत. खताच्या दुकानात जाताना धोतराखाली पायमोजे चढवत आणि त्यावर चपला. पायमोज्यांशिवाय म्हणे इंग्रजी नीट येत नाही. नारायणगावच्या न्हाव्याशी दाढीचा भाव इंग्रजीत ठरवू लागले, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, मराठीत बोला राव, वस्तरा चालू हाय."

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून द्राक्षं बघायला हॉलंडचे साहेब आले, तेव्हा चुलत्यांनी मला शेजारी बसवलं. बाग पिकून तयार होती. आठवडाभर उशीर झाला तर मणी तडकणार होते आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. चुलते मात्र मजेत होते. साहेबांनी भाव सांगितला. "नॉट पॉसिबल. धिस इज माय लास्ट वर्ड," म्हणत चुलते उठले आणि वेलींच्या रांगेतून चालू लागले. आमच्याकडे सौदा असाच होतो. एकानं रागानं उठून जायचं, दुसऱ्यानं "ओ पावणं, या माघारी" म्हणून हाक मारायची, मग खरा भाव निघतो. साहेबांनी मात्र चुलत्यांच्या शब्दाचा मान राखला. माझ्याशी हात मिळवला, टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसले.

चुलते रेंगाळत चालले होते. उगाच वाकून पानं तपासत होते. इंजिनचा आवाज आला आणि ते धोतराचा सोगा धरून जे धावत सुटले, ते थेट गाडीपुढं हात पसरून उभे राहिले. पण माघारी यायचं इंग्रजी ते शिकलेच नव्हते. "सांग गं त्यांना," धापा टाकत मला म्हणाले, "आमच्यात हाक मारायची असती."

मी अडखळत सांगितलं. साहेब जरा विचारात पडले, मग खाली उतरून म्हणाले, "नाऊ?" चुलते म्हणाले, "वेट," आणि हाक लांबून यावी म्हणून पुन्हा रांगेत जाऊन पाठमोरे उभे राहिले. साहेबांचं "प्लीज, कम बॅक" बागभर घुमलं. चुलते हलले नाहीत. पहिल्या हाकेला वळायचं नसतं, हेही मलाच समजावून सांगावं लागलं. दुसऱ्या हाकेला वळले.

मग सौदा चहा निवायच्या आत जुळला. गाडी गेल्यावर चुलते बांधावर उभे राहून बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, खुशीत असतील. "माणूस लई चांगला हाय गं," ते हळूच म्हणाले. "पण उठून गेलेल्याला माघारी बोलवायचं कुणी शिकवलंच न्हाई त्याला. घरात कुणी रुसलं, तर कसं करत असंल?"