धनेशाच्या ढोलीचा फोटो

मी सूड घेतला आणि तो घेताना मला बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते. कुणी विचारलं की मी "चीड आली, म्हणून गेले" असं काहीतरी गुळमुळीत बोलते. ते खरं नसतं.

आमचं घर राधानगरीच्या पुढं, जंगलाला लागून. नवरा साखर कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घरात मी आणि सासरे. जंगल बघायला येणाऱ्यांना आम्ही दोन खोल्या राहायला देतो. स्वयंपाक माझा, जंगल दाखवायचं काम मामंजींचं.

मामंजींचा जीव एका झाडात अडकलेला होता. बांधापलीकडं जुना बेहडा आहे, त्याच्या खोडाला तीन माणसांच्या उंचीवर ढोली. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर धनेशाची जोडी तिथं यायची. मादी ढोलीत शिरली की आतून दार लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची पंखांची पिसं झडतात. उडता येत नाही. अंडी, पिल्लं सगळं त्या अंधारात, आणि बाहेरून नर उंबरं, नांद्रुकाची फळं आणून तिला भरवत राहतो. तो आला नाही तर तिला दुसरं कुणी नाही.

मामंजी मला म्हणायचे, "पावण्यांस्नी गवा दाव, शेकरू दाव. ह्ये झाड दावू नगंस."

मी दाखवलं. कोल्हापूर शहरातले एक गृहस्थ वर्षभरात तीनदा येऊन गेले होते. पन्नाशीचे, मोठ्या लेन्सचा कॅमेरा, बोलणं मऊ. जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवायचे. माझ्या आंबाड्याच्या भाजीचं कौतुक त्यांनी पुण्याच्या लोकांना फोनवरून सांगितलं होतं. चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, "वहिनी, धनेश कुठं बसतो?" आणि मला आपल्याकडं काहीतरी मोठं आहे हे दाखवायची हौस आली. करवंदीच्या जाळीमागं बसवून मी त्यांना ढोली दाखवली. त्यांनी लांबूनच चार फोटो काढले, हात जोडले, म्हणाले, "तुम्ही लोक आहात म्हणून हे टिकलंय." दोन दिवस मी त्या वाक्यावर फुगून होते.

पुढच्याच आठवड्यात मी नवऱ्याबरोबर नृसिंहवाडीला दर्शनाला गेले आणि तिथून कागलला माहेरी, मिळून तीन दिवस. मामंजी तापानं अंथरुणावर होते. शेजारच्या जाऊबाई त्यांचं बघत होत्या. त्या तीन दिवसांत ते गृहस्थ दोन मित्रांना घेऊन आले, खोली न घेताच परस्पर झाडाकडं गेले.

मी परत आले तेव्हा ढोलीसमोरची फांदी खाली पडलेली होती. करवतीनं कापलेली, पांढरा घाव ताजा. ढोलीच्या लिंपलेल्या तोंडाचा आडोसा गेला होता, उन्हात आलं होतं. खाली पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे कागद, सिगारेटची थोटकं. नर लांब शेवरीवर बसला होता, चोचीत काही नव्हतं.

मामंजी ताप अंगात घेऊनच झाडाखाली येऊन बसले. आम्ही कचरा उचलला, मागं सरकलो, वाट बघितली. नर एकदा जवळ आला, उघड्या ढोलीसमोर फडफडला आणि फिरून गेला. दुसऱ्या दिवशी दिसला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फटीतून मादीची चोच बाहेर यायची, उघडायची, आत जायची. मामंजींनी वनरक्षकांना बोलावलं, शिडी लावून उंबरं देऊन बघितली. तिनं घेतली नाहीत. सहाव्या दिवशी चोच बाहेर आली नाही.

वनरक्षकांनी दार फोडलं तेव्हा मी खालीच होते. मादी वाळून हलकी झाली होती, पंखांच्या जागी नुसते खुंट. पोटाखाली एक पिल्लू, तेही गेलेलं. मामंजींनी डोक्याचं मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं आणि घरी चालायला लागले.

वनरक्षक मला म्हणाले, "कुणी केलंय ते कळलं पायजे. पुरावा काय असंल तर द्या, मी पुढं पाठवतो."

पुरावा माझ्याकडं होता. आमच्याकडं येऊन गेलेल्या पाहुण्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. झाडाकडं गेलेल्या दोन मित्रांपैकी एकानं त्यावर व्हिडिओ टाकला होता आणि तासाभरात काढूनही घेतला होता. तोवर तो माझ्या फोनमध्ये उतरला होता. त्यात करवतीचा आवाज होता. फांदी पडताना हसणं होतं. आणि छोट्या स्पीकरवर वाजणारी दुसऱ्या धनेशाची हाक होती. ती ऐकून आपल्या जागेत कुणी घुसलं असं समजून नर वेड्यासारखा झाडाभोवती घिरट्या घालत होता. मागून तो मऊ आवाज म्हणत होता, "परत लाव, परत लाव. अजून जवळ येतोय."

मी वनरक्षकांना म्हणाले, "माझ्याकडं काय न्हाय."

कारण मला माहीत होतं काय होईल. कागद होतील, फार तर दंड होईल, आणि ते गृहस्थ कुणाला न कळता तो भरून मोकळे होतील. मला त्यांना चारचौघांत उघडं पाडायचं होतं. त्यांना फोन लावला नाही, जाब विचारला नाही. उलट "पुन्हा कधी येताय" असा गोड मेसेज पाठवला. भाकरी थापताना रोज त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा आणि माझे हात जोरात पडायचे.

पावसाळा सरला आणि त्यांचंच निमंत्रण आलं. कोल्हापुरात वन्यजीव छायाचित्रांचं प्रदर्शन, त्यांच्या फोटोला पहिलं बक्षीस, "वहिनी, तुम्ही यायलाच हवं." मी कापलेल्या फांदीचा हातभर तुकडा पिशवीत घातला आणि सकाळच्या एसटीनं निघाले. मामंजींना बाजाराला जाते म्हणून सांगितलं.

हॉल भरलेला होता. समोरच्या भिंतीवर तो फोटो, दाराएवढा. नराच्या चोचीत लालभडक उंबर, फटीतून बाहेर आलेली मादीची चोच, ऊन अगदी नेमकं पडलेलं. सुंदर होता. मला त्याचाच जास्त राग आला. ते माइकवर सांगत होते की निसर्गाला धक्का न लावता कसं फिरावं, कचरा कसा परत आणावा, पक्ष्यापासून किती लांब उभं राहावं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी मला ओळखलं. "या वहिनींच्या शेताजवळचंच हे झाड," असं म्हणून मला पुढं बोलावलं.

मी माइक घेतला. पिशवीतला तुकडा काढून फोटोखालच्या टेबलावर ठेवला.

"पावणं, ही फांदी ढोलीच्या म्होरं होती," मी म्हणाले. "फोटोत दिसंना झालीय. कुठं गेली?"

ते हसले. "वहिनी, वाऱ्यानं पडली असेल."

मी फोन माइकला लावला आणि व्हिडिओ सुरू केला. करवत, हसणं, ती हाक, आणि "परत लाव." आवाज सगळ्यांनी ओळखला. आत्ताच तर तो ऐकला होता. पहिल्या रांगेतल्या बाईंनी टाळ्यांसाठी उचललेले हात मांडीवर ठेवले.

"ह्यातली मादी सहा दिवस उपाशी राहून मेली," मी म्हणाले. "पिल्लू पोटाखाली होतं. एवढंच सांगायला आलेय."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते मी डोळे भरून बघितलं. परीक्षक उठले, दोघांनी मिळून फोटो उतरवला आणि भिंतीकडं तोंड करून ठेवला. जिन्यात ते गृहस्थ माझ्यामागं आले. "वहिनी, माझी तीस वर्षांची ओळख गेली हो. आधी मला एकट्याला सांगितलं असतं तर..."

"त्या मादीला कुठं आधी सांगितलंत," मी म्हणाले आणि उतरले.

स्टँडवर भडंग घेतलं आणि एसटीत बसून शेवटच्या चिमटीपर्यंत खाल्लं. कितीतरी महिन्यांनी तोंडाला चव आली होती.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ वनरक्षकांना दिला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि तारीख बघितली.

"ह्यो तवापास्नं तुमच्याजवळ होता?"

"व्हय."

मग त्यांनी स्वतःच्या फोनवर एक फोटो दाखवला. प्रदर्शनातलाच, बाजूच्या भिंतीवर लावलेला, त्यांना कुणीतरी पाठवलेला. माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. कोकणात ह्याच पावसाळ्यात काढलेला तिबोटी खंड्या, बिळात घरटं करणारा चिमुकला पक्षी, मातीच्या बिळाच्या तोंडाशी. बिळाभोवतीचं गवत आणि मुळ्या खरवडून साफ केलेल्या. फोटो त्याच गृहस्थांचा. "आमच्या तिकडच्या माणसानं सांगितलं, ते बीळ पुढं ओसच पडलं," वनरक्षक म्हणाले. "उन्हाळ्यात ह्ये हातात असतं तर ह्येंचा कॅमेराच जप्त केला असता."

मी घरी येऊन मामंजींना सगळं सांगितलं, झाड दाखवल्यापासून. त्यांनी ऐकून घेतलं. "त्येला धडा झाला," एवढंच म्हणाले, आणि जेवताना माझ्याकडं बघितलं नाही.

आता आमच्याकडं येणाऱ्याचा स्पीकर दारातच काढून घेतला जातो. पाण्याची बाटली आणली असेल तर रिकामी होऊन त्यांच्याच पिशवीतून परत जाते, ते निघताना मी पिशवी उघडून बघते. काही जणांना अपमान वाटतो. वाटू दे. घरट्याबद्दल विचारलं तर मी नाही म्हणते. कुणी फांदीला हात लावला तर त्याचा फोटो काढते आणि तो माणूस दारातून बाहेर पडायच्या आत वनरक्षकांना पाठवते. एक मिनिटसुद्धा थांबत नाही.

त्या गृहस्थांवर रीतसर कारवाई झाली. जंगलात यायला त्यांना बंदी आहे. मला अजून त्यांची कीव येत नाही. पण कधीकधी भाकरी थापताना समोर त्यांचा चेहरा यायच्या ऐवजी ते खरवडलेलं बीळ येतं, आणि मग हात आपोआप हळू होतो.