पदरमोड

शनिवारी संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की मावशी पदर मोडायला बसायची. पदरमोड म्हणजे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे ती नव्हे, खिशाला चाट लावणारी. ही अगदी खरीखुरी. आठवडाभर मागावर विणलेला साडीचा पदर, त्यातली वेल, वेलीवरची पाखरं, सगळं आडवं सूत एकेक धागा करून ओढून काढायचं, गुंडाळायचं, आणि सोमवारी सकाळी पुन्हा पहिल्या पाखराच्या पायापासून सुरुवात करायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. पाखरं काही उडाली नाहीत आणि साडीही काही पुढे सरकली नाही.

आता असला उफराटा उद्योग कशासाठी, ते सांगते. दुकान दुमजली, जुन्या कारागिरीच्या मालाचं. शहर बघायला निघालेल्या लोकांच्या सहली तिथे हमखास थांबायच्या. दारातच माग, वर माल. लोकांनी आधी मागाशी उभं राहायचं, मावशीला बघायचं, फोटो काढायचे आणि मग जिना चढून साड्या घ्यायच्या. वरच्या साड्या यायच्या कारखान्यातून, खोक्यात भरून, प्रत्येकीला प्लॅस्टिकची पिशवी. त्यातल्या एकीलाही विणकराचा हात लागलेला नव्हता. शेठ मात्र खोटं बोलायचे नाहीत हं. साडी उलगडायची आणि हसून विचारायचं, "खाली माग बघितलात ना?" बस्स, एवढंच. बाकीचं खोटं गिऱ्हाईक आपल्या मनाने रचून घ्यायचं.

"साडीचं अंग कोण बघतंय, मावशी?" शेठ म्हणायचे. "साधं सूत इकडून तिकडे. तुम्ही आपला पदर विणा. फोटोत पदर येतो." पदर पुरा झाला तर पुढे साधं अंग विणावं लागणार, म्हणून तो पुरा होऊ द्यायचाच नाही. म्हणून शनिवारची ती मोडामोड.

दुसरा नियम त्याहून वाईट होता. तिने बोलायचं नाही. सहलीबरोबर येणाऱ्या वाटाड्याच्या कानाला सदा माइक लावलेला, म्हणून त्याचं नावच माइक पडलं होतं. तो मागाशी आला की आवाज जड करून सांगायचा, "मावशी बोलत नाहीत. ध्यान लावून विणतात. आणि बरं का मंडळी, या आपल्या शेवटच्या विणकर." लोक हळहळायचे. एखादी बाई डोळे टिपायची.

आणि ही मावशी कोण? बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडून तिचा थांबा येईपर्यंत सुनेच्या माहेरापर्यंतची माहिती काढून घेणारी. तिच्या तोंडाला कुलूप. "शेवटची म्हणे," ती घरी येऊन करवादायची. "मी काय मरायला टेकलेय? ह्या माइकला एकदा धोटाच फेकून मारणार आहे."

धोटा म्हणजे आडवं सूत वाहून नेणारं ते लाकडी होडकं. ते तिच्या हातात आलं तेव्हा मागाखाली दाबायच्या पावड्यांना तिचे पाय पुरत नव्हते. बापाने पावड्यांवर लाकडी ठोकळे ठोकून दिले होते. बाहेरच्या खोलीत माग, मागाला टेकून तिची खाट. बाप फणीने सूत ठोकून बसवायचा, त्या ठोक्यावर तिला झोप लागायची. बापाचं विणणं पक्कं आणि जीभही तिखट. धागा तुटला तर ओरडायचा नाही, पण तुटलेला धागा तसाच पुढे रेटलास तर मग बघायचंच. पुढे गिऱ्हाईक आटलं, माग भंगारात गेले, बाप गेला, लग्न होऊन ती दुसऱ्या घरी आली, नवराही लेक लहान असताना गेला. बाईने भांडी विकणाऱ्याकडे काम केलं, शिवणाच्या कारखान्यात गुंड्या लावल्या. आणि एक दिवस रस्त्याने जाताना ह्या दुकानाच्या दारात माग दिसला. तिचे पाय थबकले ते थबकलेच. शेठने विचारलं, "येतं का?" तिने बसून दाखवलं. बाकीचं काही विचारायचं तिला सुचलंच नाही, आणि ती तिथेच फसली.

लेक आता मोठी झालेली, चष्म्याच्या दुकानात कामाला. आईसारखीच तिखट, पण कमी शब्दांत. एके दिवशी जेवताना मावशी दुकानातलं काहीबाही सांगत होती. "आम्हा विणकरांना ना," अशी सुरुवात झाली आणि लेकीने घास खाली ठेवला.

"आई, तू विणकर आहेस असं म्हणू नकोस. तू विणून दाखवतेस. त्यात फरक आहे. विणकर बाईची एक तरी साडी कुठे तरी असते. कुणाच्या अंगावर, कुणाच्या कपाटात. तुझी कुठे आहे?"

मावशी उठली, ताट घासलं, मग धुतलेलंच पातेलं पुन्हा घासलं. राग लेकीचा आलाच, पण खरा राग तिच्या बोलण्यात खोट सापडेना याचा होता. जिव्हारी लागलं तिला. बापाकडे विणलेल्या साड्या कधीच कुठल्या कुठे गेल्या. त्यानंतर इतकी वर्षं मागावर बसून तिच्या नावावर एक रुमालसुद्धा नव्हता. त्या क्षणी तिने ठरवलं: एक साडी. अख्खी. मागावरून उतरवायची आणि ह्या पोरीच्या हातात ठेवायची. मग जे व्हायचं ते होवो.

पुढच्या शनिवारी शटर अर्धं खाली आलं आणि शेठ किल्ल्या वाजवत आले. मावशी डबा पिशवीत भरत होती.

"आज मोडायचं नाही का?"

"आज नाही. यापुढेही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे साडी विणणार. पदर झाला की अंग, अंग झालं की उतरवणार. साड्या अशाच विणतात."

शेठ हसले. "आणि लोकांनी फोटो कशाचे काढायचे?"

"माझे काढा की. मी काही दिसायला वाईट नाही."

शेठचं हसू गेलं. त्यांनी दुसरी विणकर आणण्याची धमकी दिली. "आणा," मावशी म्हणाली. आता आणायची कुठून? तो माइक रोज घसा फोडून सांगत होताच की, ही शेवटची. शेठ आपल्याच जाहिरातीत अडकले होते. सहलींचे दिवस, दारातला माग रिकामा ठेवून चालणार नव्हतं.

मग त्यांनी बारीकसारीक छळ मांडला. मागावरचा दिवा काढला. हिने घरून चिमट्याचा दिवा आणून मागाच्या चौकटीला अडकवला. बसायची गादी गायब झाली. हिने लेकीच्या जुन्या स्वेटरची घडी घातली. शेठनी माइकला सांगून ठेवलं, खाली थांबायचं नाही, लोकांना थेट जिन्याकडे न्यायचं. पण मागाला आवाज असतो. खट, खट, खट. लोक जिन्यावरून वळून खाली यायचे. साध्या अंगाचेसुद्धा फोटो काढायचे. साधं सूत इकडून तिकडे जाताना बघायला लोकांना आवडतं, हे शेठना इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं.

असंच एकदा काठी टेकत एक म्हातारी मागाशी आली आणि तिने माइकला विचारलं, "वरच्या साड्या ह्याच विणतात का हो?"

"हो हो, म्हणजे यांच्याच हातच्या... परंपरेतल्या," माइक म्हणाला. अडचणीत आला की त्याला परंपरा आठवायची.

फणी थांबली. "नाही हो, आजी," मावशी म्हणाली. "वर माझी एकही साडी नाही. ही पहिलीच. वरच्या मशीनवरच्या आहेत."

"अगं बाई, ह्या बोलतात की," गर्दीतली कुणीतरी म्हणाली.

"चांगली बोलते. बंदी होती."

माइकच्या कानातलं यंत्र शिट्टी मारून बंद पडलं. त्या दिवशी जिना उतरणाऱ्या लोकांच्या हातात पिशव्या फारच कमी होत्या. शेठ लालबुंद होऊन खाली आले. "तुला कुणी तोंड उघडायला सांगितलं होतं?"

"'तुला' नाही, 'तुम्हाला' म्हणा, शेठ. इतकी वर्षं म्हणत होता, तशी सवय लागलीय."

त्यानंतर शेठ तिच्याशी बोलेनासेच झाले, आणि मावशीच्या दृष्टीने ही फार मोठी सोय झाली. कापड रुळावर गुंडाळलं जात होतं. रोज घरी जाताना ती रुळावर हात फिरवून जाडी बघायची. पोटुशा सुनेकडे सासू बघते तशी. लेकीला तिने चकार शब्द सांगितला नव्हता.

आणि एक दिवस सकाळी साडी झाली. मावशीने कात्रीने उभे धागे कापले, रूळ सोडला आणि अख्खी साडी मांडीवर घेतली. रडायला आलं, रडून घेतलं. एक सहल नुकतीच आत शिरत होती. तेवढ्यात जिन्यावरून शेठ आले, आणि चक्क हसत आले. मागून एक नोकर काचेची पेटी घेऊन.

"मावशी, फत्ते केलीत. ही साडी आपण दारात काचेत लावू. खाली पाटी, 'आमच्या मागावर विणलेली'. तुमचाच मान आहे हा."

मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजवर ती मागावर बसून वरच्या खोक्यांच्या बाजूने खोटी साक्ष द्यायची. आता तिची साडी देणार, आणि साडी तर तोंडसुद्धा उघडू शकत नाही.

"नाही," ती म्हणाली. "साडी माझ्या घरी जाणार."

"तुमची कशी? सूत माझं, माग माझा."

हे मात्र खरं होतं. मावशीने साडीचं शेवटी विणलेलं टोक शोधलं, आडवा धागा चिमटीत धरला आणि सर्रकन ओढला. "सूत तुमचं ना? घ्या. उसवायला तुम्हीच शिकवलंत. शनिवारपर्यंत सगळं गुंडाळून देते."

एक धागा, दुसरा, तिसरा. ही साडी मोडली तर लेकीच्या हातात ठेवायला काहीच उरणार नव्हतं. हात तरी थांबला नाही. सहलीतली माणसं गोळा झाली. "अहो, कशाला मोडताय?" एकीने विचारलं. "सूत शेठचं आहे," मावशी म्हणाली आणि पुढचा धागा ओढला. सगळ्यांनी माना वळवून शेठकडे पाहिलं. कुणीच जिना चढेना.

"पुरे," शेठ शेवटी म्हणाले. "घेऊन जा ती साडी. आणि उद्यापासून येऊ नका."

नोकरीचं तिने तोवर मनातही आणलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली. उसवलेल्या सुताची गुंडी केली आणि त्यांच्या हातात दिली. "हे तुमचं."

संध्याकाळी लेक कामावरून आली तेव्हा साडी टेबलावर होती. लेकीने पदर उलगडला, पाखरांवरून बोट फिरवलं, मग हळूहळू अंग उलगडत दुसऱ्या टोकाला पोचली. तिथे नुसतेच उभे धागे लोंबत होते. "हे टोक असं का?"

मावशीने सगळं सांगितलं, माइकच्या शिट्टीसकट. लेकीने नाक ओढलं, डोळे पुसले.

"हे टोक कमरेशी आत जाईल," ती म्हणाली. "दिसणार नाही."

"दिसलं तरी काय बिघडलं?"

लेक हसली आणि तिने फोन काढला. "रविवारच्या सहलीची दोन तिकिटं काढते. तू साडी नेसून यायचं."

रविवारी दोघी सहलीत. छातीवर सगळ्यांसारखं पिवळं गोल स्टिकर. माइकने स्टिकर देताना मावशीला ओळखलं, तोंड उघडलं आणि मिटलं. दुकानाशी आल्यावर तो सवयीने मागाकडे वळला. मागावर तुटक्या धाग्यांची झिपरी लोंबत होती. "तर मंडळी, इथे आपल्या शेवटच्या..." त्याने मावशीकडे पाहिलं. घसा खाकरला. "इथे एक विणकर बसायच्या. आज त्या आपल्याबरोबरच फिरायला आल्यात."

वर शेठ गादीवर साड्या उलगडत होते. गर्दीत तोंडं कोण बघतंय? त्यांनी एक साडी झटकून पसरली आणि हसून विचारलं, "खाली माग बघितलात ना?"

"बघितला," मावशी पुढे होऊन म्हणाली. "रिकामा आहे. मग ही कुणी विणली?"

शेठचा हात साडीवर तसाच राहिला. त्यांनी तिचा चेहरा पाहिला, मग अंगावरची साडी, मग पाखरं. "तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं."

"कामाला म्हटलं होतं." तिने छातीवरच्या स्टिकरवर बोट ठेवलं. "गिऱ्हाईक म्हणून विचारतेय. कुणी विणली?"

माणसं थांबली होती. आणि माइकने, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न सांगता, कानाचं यंत्र काढलं आणि त्याची काडी अदबीने शेठच्या तोंडाशी धरली.

"मशीनवरची आहे," शेठ पुटपुटले. पुटपुटणं मजलाभर ऐकू आलं.

मावशीने ती साडी हातात घेतली, व्यवस्थित घडी घातली, कारण साडीचा काही दोष नव्हता, आणि गादीवर ठेवली.

"मग राहू दे," ती म्हणाली. "आमच्याकडे हातची आहे."

तिने पदर कमरेला खोचला आणि जिना उतरू लागली. मागोमाग लेक, आणि लेकीच्या मागे काठ्या, कॅमेरे, लहानमोठी माणसं, सगळी सहलच उतरायला लागली. खाली येईपर्यंत एका बाईने मावशीच्या दंडाला हात लावून विचारलंसुद्धा, "अहो, आमच्यासाठी विणाल का?"

"विणकर आहे ती," लेक मागून म्हणाली. "विणेल की."